मावळातल्या घरात गरम फरशी? आधी प्लास्टिकचा कागद चिकटवा

(ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत. सगळे निघाले नाहीत.)

आजचा भाग ऐकायच्या आधी एक करा. पायातली चप्पल काढा आणि फरशीवर उभे राहा. गार लागतंय? आता शेजारी सतरंजी किंवा पायपुसणं असेल तर एक पाय त्याच्यावर ठेवा. एकाच खोलीत, एकाच तापमानाला दोन्ही रात्रभर पडलेत, तरी एक गार आणि दुसरं नाही. असं का? आजचा सगळा भाग या एका प्रश्नावर उभा आहे, कारण याचं उत्तर मला वेळेवर कळलं नसतं तर मी घरच्यांचे भरपूर पैसे जमिनीत पुरले असते. अक्षरशः जमिनीत.

पार्श्वभूमी सांगतो. आमचं घर वडगाव मावळात. आजोबांनी बांधलेलं, तळमजल्याचं, खाली शहाबादी फरशी. ही फरशी म्हणजे कर्नाटकातल्या शहाबादकडचा चुनखडीचा दगड, पुणे जिल्ह्यातल्या निम्म्या जुन्या घरांत असेल. दोन वर्षांपूर्वी जुलैत आजी मधल्या पॅसेजमध्ये घसरली. पाणी कुणी सांडलं नव्हतं. फरशीलाच पाणी सुटलं होतं. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत घरात ठरलं की फरशी बदलायची. आणि फरशी बदलायचीच आहे तर मी, घरातला इंजिनिअर, म्हटलं की अंडरफ्लोअर हीटिंग टाकून घेऊ.

ही आयडिया आली कुठून? माझा मामेभाऊ जर्मनीत असतो. त्याच्या घरी जानेवारीत व्हिडिओ कॉल केला की हा माणूस अनवाणी आणि हाफ पँटवर. बाहेर बर्फ. इकडे आमची आजी दोन स्वेटर, कानटोपी, मोजे घालून चहा पितेय आणि म्हणतेय, "अरे, ही फरशी हाडात शिरते रे." मी भावाला विचारलं, आपण पण टाकू का? तो म्हणाला, तुमच्याकडे थंडी असते किती दिवस, वेडा आहेस का?

तेव्हा मला राग आला. पण प्रश्न बरोबर होता.

मावळातली थंडी कशी असते ते इथल्या लोकांना सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास येतो आणि त्याच दिवशी दुपारी ऊन लागून माणूस सावली शोधतो. (१७७९ च्या जानेवारीत इंग्रजांनी आमच्या वडगावात गुडघे टेकले, पण ते महादजी शिंद्यांमुळे. थंडीचं क्रेडिट घेता येणार नाही.) म्हणजे आपला त्रास रात्री नऊपासून सकाळी नऊपर्यंत, साधारण दोन महिने. जर्मनीत ऑक्टोबर ते एप्रिल चोवीस तास. त्यांची सिस्टीम त्यांच्या प्रॉब्लेमसाठी बनलीये.

दोन प्रकार, आणि एक लगेच बाद

अंडरफ्लोअर हीटिंगचे मुख्य प्रकार दोन. एकात फरशीखाली प्लास्टिकच्या पाइपांची वेटोळी असतात, त्यांतून कोमट पाणी फिरतं. पाणी तापवायला बॉयलर किंवा हीट पंप. दुसऱ्यात फरशीच्या अगदी खाली विजेची केबल, जाळीवर आखून चिकटवलेली, चटईसारखी उलगडायची. तिला हीटिंग मॅट म्हणतात. केबल तीन-चार मिलिमीटर जाडीची, वर टाइलचं ॲडेसिव्ह आणि त्यावर टाइल.

पाण्याच्या प्रकाराची गंमत अशी की पाणी फार गरम लागत नाही. पस्तीस-चाळीस अंश पुरतं, कारण तापणारी जागा म्हणजे अख्खी जमीन. एवढ्या कमी तापमानाला हीट पंप मस्त चालतो. एक युनिट वीज घेऊन तीन-चार युनिट उष्णता आत आणतो. पण पाइप झाकायला पाच-सहा सेंटिमीटरचा कोबा लागतो आणि तो सगळा तापायला काही तास जातात. सहा महिने सलग चालवणाऱ्याला हे परवडतं. आमच्याकडे कोबा तापेपर्यंत ऊन आलेलं असणार. शिवाय पंप, मॅनिफोल्ड, व्हॉल्व्ह, आणि बिघडलं तर दुरुस्तीला कोण येणार? हा प्रकार लगेच बाद.

मध्ये माझ्या डोक्यात एक भारी कल्पना आली होती, ती पण सांगून टाकतो. गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहेच, त्याचं पाणी फरशीखाली फिरवलं तर? वीज फुकट! दोन रात्री मी आकृत्या काढल्या. मग आईने विचारलं, "आणि आंघोळीला काय?" पहाटे टाकीत जे पाणी उरतं ते आंघोळीला, आणि पावसाळ्यात ऊनच नाही. आकृत्या अजून ड्रॉवरमध्ये आहेत.

फरशी गार का लागते

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या पायाला तापमान कळत नाही, उष्णता किती वेगाने निघून चाललीये ते कळतं. दगड उष्णता पटकन खेचतो, कारण तो जड असतो, उष्णता आत वाहून नेतो आणि साठवतोही. या गुणाला एफ्युसिव्हिटी म्हणतात. शब्द लक्षात ठेवू नका, आकडे बघा. ढोबळ धरले तर आपल्या त्वचेचा १२००, व्हिट्रिफाइड टाइलचा १५०० च्या पुढे, ग्रॅनाइटचा २३०० च्या आसपास, लाकडाचा फक्त ४००.

दोन गोष्टी एकमेकींना टेकल्या की टेकलेल्या जागेचं तापमान त्या आकड्यांच्या वजनाने ठरतं. तळवा ३० अंश आणि फरशी १८ अंश धरा. टाइलवर पाय ठेवला की जोडावर साधारण २३ अंश होतात. त्याच १८ अंशांच्या लाकडावर ठेवला तर २७. चार अंशांचा फरक, आणि खोली तीच! आजी कायम म्हणायची की आमच्या माहेरी सारवलेली जमीन होती ती अशी गार लागायची नाही. मला वाटायचं, जुन्या आठवणी. हिशोब केला तर मातीची कोरडी जमीन बरोबर दगड आणि लाकडाच्या मध्ये येते, जोडावर २५ च्या आसपास. आजीचा तळवा बरोबर होता.

याचा अर्थ काय? फरशी गार लागते यावर वीज हा एकमेव उपाय नाही. जाड सतरंजी, घोंगडी, घरात घालायची चप्पल, लाकडी किंवा विनायल फ्लोरिंग हे सगळे त्याच त्रासावरचे उपाय आहेत आणि कित्येक घरांत तेवढ्यावर भागतं. तुमच्या घरात सगळे तरुण असतील, चप्पल घालायला कुणाची हरकत नसेल, तर इथेच ऐकणं थांबवलंत तरी चालेल. आमच्याकडे अडचण अशी की आजी सतरंजीच्या कडेला अडखळते. देवासमोर चप्पल घालत नाही. आणि तिची खोली म्हणजेच देवघर.

दगड तापवणारे लोक

कोरियात शेकडो वर्षांपासून ओंडोल आहे. चुलीचा धूर दगडी जमिनीखालच्या वाटांतून फिरवून पलीकडे धुराड्यातून बाहेर. स्वयंपाक होतो, जमीनही तापते, आणि लोक त्याच जमिनीवर बसतात, झोपतात. रोमन लोकांची स्नानगृहं अशीच, खाली खांबांवर उचललेली जमीन आणि आत गरम हवा. आणि लांब कशाला, काश्मीरमध्ये मशिदींत आणि काही घरांत हमाम असतो. दगडी लाद्यांच्या खाली लाकडं पेटवतात, वर माणसं पाय पसरून गप्पा मारत बसतात. म्हणजे ही आयडिया जर्मनीहून शिकायची गरज नाही. जिथे थंडी लांब आणि सलग, तिथे माणसांनी जमीन तापवली. आपल्याकडे थंडीत शेकोटी पुरली.

आपला खरा शत्रू दुसरा आहे. पाणी.

जुलैचा प्रश्न

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वडगाव घाटमाथ्यापासून इकडे असल्यामुळे तेवढा पडत नाही, पण हवा तीच. जून ते सप्टेंबर भिंतीला बुरशी, पापड मऊ, कपडे तीन दिवस दोरीवर आणि फरशी घामेजलेली. मी हीटिंगच्या वेबसाइट वाचत होतो त्या सगळ्या जानेवारीबद्दल बोलत होत्या, आणि आजी पडली होती जुलैत! हे माझ्या डोक्यात यायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला.

फरशी ओली होण्याची कारणं दोन आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगवेगळे. एक म्हणजे घाम. हवा २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २४ च्या किंचित वर असतो. म्हणजे २४ पेक्षा गार कुठलीही गोष्ट त्या खोलीत असली की तिच्यावर पाणी जमणार. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखं. जमिनीला टेकलेली फरशी साडेतेवीसला बसलेली असते, झाला घाम. आणि यात आपण काय करतो? 'वाळू दे' म्हणून खिडक्या उघडतो. बाहेरची ओली हवा आणखी आत. आई दिवसातून तीनदा पुसायची आणि म्हणायची की ही वाळतच नाही. वाळणार कशी?

दुसरं कारण म्हणजे खालून चढणारी ओल. दिव्याची वात तेल वर ओढते तसं माती, मुरूम, जुना कोबा पाणी वर ओढतात आणि ते सांध्यांतून बाहेर येतं. याची खूण म्हणजे भिंतीच्या तळाशी पांढरे क्षार आणि फुगून पडणारा रंग.

आता शीर्षकातला प्लास्टिकचा कागद. फरशी कोरडी पुसा, दीड-दोन फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक ठेवा, चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि एक दिवस हात लावू नका. दुसऱ्या दिवशी पाणी प्लास्टिकच्या वर असेल तर हवेतून आलेला घाम. प्लास्टिकच्या खाली थेंब असतील किंवा फरशी काळपट झाली असेल तर ओल जमिनीतून येतेय. खर्च वीस रुपये. आणि ही टेस्ट पावसाळ्यातच करायची. मार्चमध्ये करून 'सगळं ओके' म्हणू नका.

आमच्याकडे काय निघालं? हॉल आणि पॅसेजमध्ये पाणी वर. आजीच्या खोलीत, मागच्या भिंतीच्या बाजूला, खाली. चांगलंच खाली.

(मागे लोकल गेली. सॉरी, स्टेशन जवळ आहे, खिडकी उघडी राहिली होती.)

हे कळलं नसतं तर काय झालं असतं? आमच्या कॉन्ट्रॅक्टरचा प्लॅन होता की जुन्या शहाबादीवरच नवीन टाइल चिकटवायची. धूळ नाही, तोडफोड नाही, चार दिवसांत काम. त्यात मी माझी हीटिंग मॅट घुसवणार होतो. ओल्या जमिनीवर गरम फरशी. उष्णता खाली जाऊन चिखल तापवत बसली असती, वरून पाणी उडायला लागलं की खालून आणखी ओढलं गेलं असतं, क्षार वर आले असते, ॲडेसिव्ह सुटलं असतं. आणि मॅट एकदा टाइलखाली गेली की बदलायची म्हणजे फरशी फोडायची. यात व्हर्जन टू नसतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला सवय असते, आज ढकला, पुढच्या आठवड्यात पॅच. इथे रोलबॅक म्हणजे ब्रेकर.

घरात यावरून जुंपली. बाबांचं म्हणणं होतं की टाइल आणून पडल्यात, मिस्त्री दिवाळीनंतर मिळणार नाहीत, आहे त्यावर टाका. मी प्लास्टिकचा तो कागद त्यांच्यासमोर सोलून दाखवला. खालचं पाणी ओघळून त्यांच्या पायावर आलं. बाबा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी खोदायला माणसं आली.

शेवटी काय केलं

आजीच्या खोलीतली जुनी फरशी काढली. खाली दगडाचं सोलिंग नव्याने केलं, त्यावर जाड प्लास्टिक शीट, सांध्यांना एकावर एक घेऊन टेप मारलेली आणि भिंतीवर वर वळवलेली. मग पीसीसी. ते वाळल्यावर ३० मिलिमीटरचे एक्सपीएस बोर्ड. हा दाबून बनवलेला कडक फोम असतो, थर्माकोलचा पैलवान भाऊ समजा. उष्णता अडवण्याच्या बाबतीत ३० मिलिमीटर एक्सपीएस म्हणजे साधारण दीड मीटर जाडीचं काँक्रीट. हा थर नसेल तर अंडरफ्लोअर हीटिंग घेऊच नका. आणि मला आवडलेली गोष्ट अशी की हा थर वीज बंद असतानाही काम करतो. फरशी जमिनीपासून तुटते, तिचं तापमान खोलीच्या हवेबरोबर चालतं आणि घाम कमी येतो.

मॅटच्या पैशांपेक्षा या खालच्या कामालाच जास्त पैसे लागले. कोटेशनमध्ये हे दिसत नाही, म्हणून सांगतोय.

एवढं सगळं केल्यामुळे जमिनीची पातळी वाढते हे पण लक्षात घ्या. आम्ही खोदलं होतं म्हणून जमवता आलं. तसंच वर चढवलं असतं तर उंबरठा गेला असता, दारं खालून कापावी लागली असती आणि पॅसेजमधून येताना एक पायरी तयार झाली असती. म्हाताऱ्या माणसासाठी खोली करायची आणि दारात ठेच ठेवायची, याला काय अर्थ?

मॅट घेतली पाच चौरस मीटरची, चौरस मीटरला १५० वॉट, म्हणजे ७५० वॉट. खोली अकरा चौरस मीटर आहे, पण कपाटाखाली आणि देवघराच्या कट्ट्याखाली मॅट टाकत नाहीत. तिथे उष्णता कोंडते. जाळी कापून मॅट वळवता येते. केबल कधीही कापायची नाही, एकमेकीवरून न्यायची नाही.

आता इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण परदेशी व्हिडिओंत ती फारशी येत नाही. आपण जमिनीवर झोपतो. गादी अंथरतो. तापलेल्या फरशीवर जाड गादी टाकली की उष्णता वर जायला जागा राहत नाही, खाली तापमान वाढत जातं. युरोपातल्या मानकात राहत्या खोलीत फरशी २९ अंशांच्या वर नको आणि बाथरूममध्ये ३३ असं आहे. पण ते मोकळ्या फरशीसाठी. शिवाय मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना कमी झालीये त्यांना चटका कळत नाही, आणि कमी तापमानाला फार वेळ टेकून राहिलं तरी त्वचा भाजू शकते. आजीला शुगर आहे. म्हणून आम्ही थर्मोस्टॅटची वरची मर्यादा २८ ला लॉक केली आणि आजीला गादीऐवजी उंच पायांची कॉट घेतली. यावरून आजी आठवडाभर रुसली होती, ते वेगळं.

फरशीत एक सेन्सर असतो, त्याच्यावरून थर्मोस्टॅट चालू-बंद करतो. तो थेट मालात पुरू नका. एका बारीक पाइपमध्ये घाला, पाइपचं टोक बंद करा. म्हणजे पाच वर्षांनी सेन्सर गेला तर ओढून नवीन घालता येतो. दहा मिनिटांचं काम, आणि बहुतेक जण इथेच कंटाळा करतात.

आणि मल्टिमीटर! माझ्या आयुष्यात इंजिनिअरिंगचा एवढा सरळ उपयोग क्वचितच झाला असेल. ७५० वॉट आणि २३० व्होल्ट, म्हणजे केबलचा रोध २३० चा वर्ग भागिले ७५०, साधारण ७० ओहम. बॉक्स उघडल्यावर मोजायचा, अंथरल्यावर मोजायचा, माल पडल्यावर मोजायचा, टाइल बसल्यावर परत. मी मीटर वायरींना जोडूनच ठेवलं आणि मिस्त्रींबरोबर आलेल्या पोराला सांगितलं, हा आकडा बघत बस, हलला की ओरड. सगळे हसले. ॲडेसिव्ह पसरताना खिडकीजवळच्या कोपऱ्यात थापीची कड केबलला लागली. पोरगं ओरडलं, "दादा, आकडा गेला!"

थापी तेव्हा जिथे होती तिथेच हात थांबवायला लावला, ओला माल पुसला, वीतभर जागेत कापलेली केबल सापडली. कंपनीच्या दुरुस्ती किटने जोड दिला, इलेक्ट्रिशियनने मेगर लावून इन्सुलेशन तपासलं, परत ७० ओहम. एका तासात काम पुढे. संध्याकाळी टाइल बसल्यावर कळलं असतं तर? मिस्त्रींची चूक म्हणणार नाही. अशी केबल त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती आणि दिवसभर तिच्यावरून चवड्यांवर चालत होते.

विजेचं बाकी थोडक्यात. स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, नीट अर्थिंग. यात तडजोड नाही. घराची अर्थिंग खरोखर आहे का हे आधी तपासून घ्या, जुन्या घरांत बऱ्याचदा फक्त तिसऱ्या पिनेचं भोक असतं. आणि टाइल बसल्या बसल्या बटण दाबून बघायचा मोह आवरा. ॲडेसिव्ह पूर्ण वाळू द्या, पाकिटावर लिहिलेले दिवस मोजा.

अख्ख्या घराला का नाही टाकलं? साठ चौरस मीटर गुणिले १५० म्हणजे नऊ हजार वॉट. आमच्या सिंगल फेज कनेक्शनला हे झेपणारं नाही, मंजूर भार वाढवावा लागला असता. वीज गेली की इन्व्हर्टरवर चालणार नाही. आणि मुख्य म्हणजे विजेची मॅट एका युनिटला एकच युनिट उष्णता देते. अख्खी खोली गरम करायची असेल तर हॉट अँड कोल्ड एसी त्याच विजेत दोन-तीन पट काम करतो. फरशी चौरस मीटरला किती उष्णता वर सोडते याचा सोपा नियम आहे. खोलीपेक्षा फरशी जितके अंश जास्त, तितके दहा-अकरा वॉट. फरशी २८, खोली २० असताना ऐंशी-नव्वद वॉट, पाच चौरस मीटरला चारशे-साडेचारशे. फटीफटीतून वारा येणारी आमची खोली त्याने गरम होत नाही. पायाखालची जमीन गरम होते. तेवढंच हवं होतं. हॉलमध्ये आणि पॅसेजमध्ये फक्त मॅट फिनिशच्या, न घसरणाऱ्या टाइल बसवल्या. चकचकीत टाइल आणून पडल्या होत्या त्या परत केल्या, बाबांनी दुकानदाराला कसं पटवलं देव जाणे.

वर्षभरानंतर

थंडीत सकाळी पाच ते नऊ आणि संध्याकाळी सात ते दहा असं टाइमर लावलं. थर्मोस्टॅट मध्ये मध्ये बंद होतो, त्यामुळे दिवसाला सरासरी तीन युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर तीस रुपये. दोन महिन्यांचे अठराशे.

पावसाळ्यात मात्र मला वेगळंच दिसलं. जुलैत फरशी २६-२७ वर ठेवायला फार थोडी वीज पुरते, कारण ती मुळात चोवीसच्या आसपास असते. दोन-अडीच अंश वर ढकललं की दवबिंदूच्या वर, घाम बंद. आजीच्या खोलीत पूर्ण पावसाळा फरशी कोरडी होती. पॅसेज अजून घामेजतो, तिथे खालचा थर केलाच नाही. तिथे आम्ही खिडक्या बंद ठेवून डीह्युमिडिफायर लावतो. रोज बादलीभर पाणी काढतो तो. घाम एवढाच प्रॉब्लेम असेल तर फरशी फोडण्याआधी हे मशीन महिनाभर वापरून बघा, असं मी आज सांगेन.

आजीला काय वाटतं? तिला विचारलं तर म्हणते, बरंय. एवढंच. मोजे अजून घालते. पण डिसेंबरमध्ये एकदा बिलात युनिट जास्त दिसले म्हणून मी थर्मोस्टॅटचं ॲप उघडून बघितलं, तर रात्रभर चालू. बाईने टाइमर बाजूला सारून हाताने चालू ठेवायचं बटण शोधून काढलं होतं. सकाळी खोलीत गेलो तर कॉटच्या शेजारी, खिडकीजवळच्या त्याच कोपऱ्यात, फडक्यात गुंडाळलेलं पातेलं. थंडीत आमच्याकडे विरजण लागायचं नाही, दही पाणचट व्हायचं. आता फरशीवर ठेवलं की सकाळपर्यंत कवडी दही. आई म्हणाली, ते रात्रीचे युनिट स्वयंपाकघराच्या खात्यात धर.